आधी भिंत मोजा, मग फोटो निवडा

पहिलं प्रदर्शन करणारे बरेच छायाचित्रकार उलटीकडून सुरुवात करतात. आवडते फोटो निवडले, मोठे छापले, फ्रेम केले आणि मग जागा शोधायला बाहेर पडले. जागा मिळाल्यावर कळतं की भिंत नऊ मीटरची असली तरी मध्ये दोन दारं आणि विजेचा बोर्ड आहे, खिळा ठोकायला बंदी आहे, आणि समोरच्या खिडकीमुळे काचेत दुपारभर फोटोऐवजी खिडकीच दिसते. यात फोटोंची चूक काहीच नसते. म्हणून इथे क्रम भिंतीपासून धरला आहे.

जागा बघायला जाताना

फोटोंचा अल्बम घरी राहू द्या. मेजरिंग टेप, वही आणि एक छोटं लोहचुंबक घेऊन जा, आणि प्रेक्षक ज्या वेळेला येणार त्याच वेळेला जा. सकाळी उजळ दिसणारी भिंत संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या भरवशावर असते.

टेपने भिंतीची वापरता येणारी लांबी मोजा. दारं, बटणांचे बोर्ड, अग्निशामक सिलिंडर, नोटीस बोर्ड, दार उघडल्यावर झाकला जाणारा भाग, हे सगळं वजा करून जे उरतं तीच तुमची भिंत. मग समोरून मागे किती सरकता येतं ते मोजा. फोटो आरामात बघायला त्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतर लागतं. ६० × ९० सेंमीच्या प्रिंटचा कर्ण १०८ सेंमी, म्हणजे बघणाऱ्याला दीड-पावणेदोन मीटर मागे जाता आलं पाहिजे. दीड मीटर रुंदीच्या कॉरिडॉरमध्ये असा फोटो लावला तर लोक त्याच्या बाजूने निघून जातात, बघत नाहीत. तिथे ४० × ६० सेंमी पुरे.

भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट, पोकळ आला तर जिप्सम बोर्ड किंवा प्लाय. जिप्समच्या भिंतीत आतल्या पट्ट्यांना बोर्ड स्क्रूने बसवलेला असतो. चुंबक भिंतीवरून हळू फिरवलं की जिथे चिकटतं तिथे स्क्रू, आणि स्क्रूमागे वजन घेणारी पट्टी. खालच्या मीटरभर भागात रंगाचे पोपडे किंवा पांढरी बुरी दिसली तर भिंतीला ओल आहे. अशा भिंतीवर महिनाभर टांगलेल्या प्रिंटला लाटा येतात, जास्त दिवस राहिली तर बुरशी. एसीचा झोत किंवा स्वयंपाकघराची वाफ थेट येते का, तेही बघा.

जागा चालवणाऱ्या माणसाला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण ते लेखी विचारा: भिंतीला भोक पाडता येईल का, आधीची रेल किंवा हूक आहेत का, लावायला आणि उतरवायला किती तास मिळतील, किल्ली कोणाकडे, फोटो फुटला किंवा हरवला तर जबाबदारी कोणाची, आणि त्या काळात त्याच जागी दुसरा कुठला कार्यक्रम आहे का. शेवटचा प्रश्न नवखे विसरतात. प्रदर्शनाच्या मधल्याच आठवड्यात सभागृहात खुर्च्यांची थप्पी तुमच्या फ्रेमना टेकवून ठेवली जाते, ती अशानेच.

गॅलरी की सार्वजनिक जागा?

गॅलरींचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. विक्रीवर चालणारी गॅलरी निवडक छायाचित्रकारांना घेते, भाडं मागत नाही, पण विक्रीतला साधारण ४० ते ५० टक्के वाटा ठेवते. भाड्याची गॅलरी पैसे भरणाऱ्याला भिंत देते. प्रसिद्धी, माणसं जमवणं, विक्री, सगळं तुमच्यावर. तिसरी कलाकारांनी एकत्र येऊन चालवलेली, जिथे सभासदत्व आणि आळीपाळीने राबणं दोन्ही लागतं. भाड्याची गॅलरी वाईट नसते, मात्र तिथे प्रदर्शन झालं म्हणजे आपल्या कामाची निवड झाली, असं समजू नये.

ग्रंथालय, कॅफे, दवाखान्याचं प्रतीक्षालय, शाळा, समाजमंदिर या जागांचं गणित वेगळं. तिथे येणारा माणूस फोटो बघायला आलेला नसतो. तो पुस्तक परत करायला आला आहे किंवा नंबर लागायची वाट बघतो आहे. त्याला थांबवायचं काम पहिल्या फ्रेमने करायचं असतं. पहिल्या प्रदर्शनासाठी अशी जागाच बरी. खर्च कमी, दबाव कमी, आणि कोण कुठल्या फोटोपाशी थांबतं हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. गॅलरीत उद्घाटनाला आलेले मित्र सगळ्याच फोटोंना छान म्हणतात.

गॅलरीकडे अर्ज करायचा असेल तर आधी तिथली दोन-तीन प्रदर्शनं बघून या. अमूर्त चित्रं लावणाऱ्या गॅलरीला वन्यजीवांचे फोटो पाठवणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. मग त्यांचे नियम वाचून तेवढंच पाठवा. नियम दिले नसतील तर एकाच विषयाचे १२ ते १५ फोटो, लांब बाजू २००० पिक्सेल, जेपेग; फाइलच्या नावात तुमचं नाव, क्रमांक, शीर्षक; दीडशे-दोनशे शब्दांचं निवेदन; शंभर शब्दांचा परिचय; आणि आकार, कागद, किंमत यांची यादी. निवेदनात ‘प्रकाश आणि सावलीचा खेळ’ असली वाक्यं नकोत, ती कुठल्याही फोटोला लागू पडतात. काय टिपलं, किती काळ टिपलं, आणि एकत्र का दाखवायचं आहे, एवढं सांगा.

निवड: जमिनीवर पसरून

निवड स्क्रीनवर होत नाही. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो, भिंतीवर सगळे एकदम दिसतात. पन्नास-साठ फोटो १० × १५ सेंमीचे छापून आणा, जमिनीवर पसरा आणि आठवडाभर येता-जाता बघा. एकाच कोनातले, एकच गोष्ट सांगणारे फोटो शेजारी आले की आपोआप खटकतात. त्यातला एकच राहतो. काढायला जीवावर येईल तो बहुधा तोच फोटो असतो ज्यासाठी तुम्ही खूप कष्ट घेतलेत. बघणाऱ्याला कष्ट दिसत नसतात.

किती फोटो मावतील हे भिंत सांगते. समजा वापरता येणारी लांबी ६ मीटर आणि फ्रेम ६० सेंमी रुंद. सहा फ्रेम म्हणजे ३६० सेंमी. मध्ये ३० सेंमीच्या पाच मोकळ्या जागा, १५० सेंमी. उरले ९०, म्हणजे दोन्ही टोकांना ४५-४५. हे नीट बसतं. त्याच भिंतीवर आठ लावायचा मोह झाला तर फ्रेमनी ४८० सेंमी घेतले, उरलेले १२० सेंमी नऊ जागांत वाटले, प्रत्येकी जेमतेम १३. आता एक फोटो बघताना शेजारचे दोन डोळ्यात घुसतात. फोटो एकाच मालिकेतले आणि लहान असतील तर १३ सेंमी चालतील, स्वतंत्र असतील तर नाही.

१ : २० प्रमाणात कागदी भिंत करा. ६ मीटरची भिंत म्हणजे ३० सेंमीची पट्टी, ६० सेंमीची फ्रेम म्हणजे ३ सेंमीचा तुकडा. फोटोंचे छोटे तुकडे पट्टीवर सरकवत बसा. चेहरे भिंतीच्या आतल्या बाजूला बघणारे हवेत. टोकाच्या फोटोतला माणूस बाहेर बघत असेल तर प्रेक्षकाची नजर त्याच्याबरोबर दारातून बाहेर जाते. दुरून दिसणारा, सोप्या रचनेचा फोटो दारासमोर ठेवा. बारकावे असलेला आत, जिथे माणूस जवळ जाऊन थांबेल.

छपाई

२४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये ६००० × ४००० पिक्सेल असतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५० × ३४ सेंमीची प्रिंट निघते, २०० धरले तर ७६ × ५१. भिंतीवरच्या फोटोला २०० पुरतात, कारण माणूस हातभर लांब उभा असतो. त्याहून मोठं करायचं तर १५० पर्यंत जायला हरकत नाही, पण आधी फाइलचा एखादा बारीक तपशिलाचा तुकडा खऱ्या आकारात छापून बघा. बहुतेक वेळा अडचण पिक्सेलची नसून किंचित हललेल्या कॅमेऱ्याची निघते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘प्रिंट काळपट आली’. प्रिंट बरोबर असते, स्क्रीन जास्त उजळ असते. स्क्रीनचा उजेड कॅलिब्रेटरने (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणाऱ्या छोट्या उपकरणाने) ८० ते १२० कॅंडेला प्रति चौरस मीटर या पट्ट्यात आणा. कॅलिब्रेटर नसेल तर पांढरा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरून, खोलीच्या नेहमीच्या उजेडात दोन्ही पांढरे साधारण सारखे दिसेपर्यंत उजेड कमी करा. हा जुगाड आहे, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरा. ज्या कागदावर छापणार त्याची आयसीसी प्रोफाइल (तो कागद आणि प्रिंटर रंग कसे दाखवतात हे सांगणारी फाइल) छपाईवाल्याकडून मागा आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर फोटो कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, बघा. गडद निळे आणि भडक नारिंगी कुठे मरतात ते आधीच दिसतं. फाइल कुठल्या रंगपटात (रंग नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीत, जसं अडोबी आरजीबी किंवा एसआरजीबी) हवी हेही विचारा. अडोबी आरजीबीतली फाइल एसआरजीबी समजून छापली की माणसांचे चेहरे आजारी दिसतात.

पूर्ण आकाराची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक फोटोतला एक तळहाताएवढा तुकडा, ज्यात सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा भाग दोन्ही आहेत, एकाच कागदावर छापून घ्या. आणि ती पट्टी प्रदर्शनाच्या जागी नेऊन, तिथल्या दिव्याखाली बघा. इथे वाचवलेले पैसे पुढे तिप्पट जातात.

कागदाचं थोडक्यात: चकचकीत कागदावर काळे खोल दिसतात पण प्रतिबिंब पडतं, मॅट कागदावर प्रतिबिंब नाही पण काळे थोडे उथळ, बरायटा (खनिजाचा पांढरा थर दिलेला कागद) या दोहोंच्या मधला. काच लावणार नसाल आणि दिवे तुमच्या हातात नसतील तर मॅट घ्या. जास्त टिकायला हवं असेल तर पिगमेंट शाई (विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगाचे बारीक कण असलेली) आणि आम्लरहित सुती कागद, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपास. फार पांढराशुभ्र दिसणाऱ्या कागदात बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं) असतात, ते कालांतराने निष्प्रभ होऊन कागद पिवळसर वाटू लागतो. छापल्यावर प्रिंट किमान २४ तास उघडी सुकू द्या. घाईने फ्रेममध्ये कोंडलेल्या प्रिंटमधून शाईचे द्रव बाष्प होऊन काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. ते पुसायला अख्खी फ्रेम उघडावी लागते.

माउंट आणि फ्रेम

प्रिंट काचेला कधीही चिकटता कामा नये. हवेतल्या दमटपणाने कागदावरचा थर काचेला धरतो आणि नंतर सोडवताना फाटतो. माउंट म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट असते ती दिसायला सुबक म्हणून तर आहेच, पण तिचं खरं काम हे दीड-दोन मिलिमीटरचं अंतर राखणं. माउंट आम्लरहित हवा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत फोटोच्या कडांवर तपकिरी रेघ उमटवतं. रुंदी ५ ते ८ सेंमी, खालची बाजू अर्धा-एक सेंमी जास्त. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो.

प्रिंट चारी बाजूंनी चिकटवायची नाही. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो; चारी कडा बांधल्या की मधे पोट सुटतं. फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या करा. प्रत्येकीसाठी जपानी कागदाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, अर्धी पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने प्रिंटच्या मागे, उरलेली वर मागच्या पुठ्ठ्यावर, आणि तिच्यावरून आडवी दुसरी पट्टी. प्रिंट खाली मोकळी लोंबते. खळ नको असेल तर चार कोपऱ्यांना कागदी खाचा करून त्यात प्रिंट अडकवा, मात्र मिलिमीटरभर सैल. सेलोटेप आणि दुतर्फी टेप कधीच नको. त्यांचा गोंद कागदात झिरपतो आणि पुढून डाग दिसतो.

काच की ॲक्रिलिक हा प्रश्न वजनाने सोडवा. २ मिमी जाडीची काच चौरस मीटरला ५ किलो, तेवढंच ॲक्रिलिक २.४ किलो. ६० × ८० सेंमीच्या फ्रेममध्ये नुसती काच २.४ किलो भरते. मुलं येतात ती जागा, दूरची वाहतूक, दोरीवर टांगणं, यासाठी ॲक्रिलिक. पण त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि स्थिर विजेमुळे धूळ ओढली जाते. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर मारला तर ते पांढुरकं होतं. ओलसर मायक्रोफायबर कापड पुरे.

फ्रेमच्या मागे डी-रिंग (तार बांधायच्या डी आकाराच्या कड्या) दोन्ही बाजूंना, वरून एक तृतीयांश खाली. तार थोडी सैल बांधायची. टिच्च ताणली तर भार फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्यांवर आडवा पडतो आणि कोपरे उघडतात. खालच्या दोन मागच्या कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या. त्यामुळे फ्रेम घसरत नाही आणि मागे हवा खेळती राहते.

आणि फ्रेम लागतेच असंही नाही. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकनने १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ५०३ छायाचित्रांचं ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे जे प्रसिद्ध प्रदर्शन मांडलं, त्यात प्रिंट फ्रेमशिवाय बोर्डांवर चढवल्या होत्या, लहान-मोठ्या आकारांत. सार्वजनिक जागेसाठी ५ मिमीचा सनबोर्ड (हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड) किंवा ३ मिमीची ॲल्युमिनियम कंपोझिट शीट (मधे प्लास्टिक, दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा) चालते. फोमबोर्डला एकाच बाजूने प्रिंट चिकटवली की तो आठवड्यात धनुष्यासारखा वाकतो, कारण कागद सुकताना एकाच बाजूला ओढतो. मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवला की ओढ दोन्हीकडून सारखी होते. हे बोर्ड परत वापरता येत नाहीत हे लक्षात ठेवा. विकायच्या प्रिंट त्यांवर चढवू नका.

टांगायचा दिवस

वीस फ्रेमना दोन माणसं आणि पाच-सहा तास धरा. एकट्याने करू नका. एकाने धरायचं, दुसऱ्याने लांबून बघायचं. सोबत टेप, पेन्सिल, स्पिरिट लेव्हल, मास्किंग टेप, हातोडी, ड्रिल, ६ मिमीचा बिट, गिट्ट्या (भोकात बसवून स्क्रू धरणारे प्लग) आणि स्क्रू, कापड, सुती हातमोजे.

१. सगळ्या फ्रेम ठरलेल्या क्रमाने भिंतीखाली जमिनीवर, मऊ कापडावर उभ्या करा. कागदी भिंतीवर जमलेला क्रम इथे एखाद्या ठिकाणी बदलतोच.

२. फोटोंच्या मध्याची उंची ठरवा. उभ्याने बघायच्या जागी जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी. लोक बसलेले असतात अशा प्रतीक्षालयात १२५-१३० पर्यंत खाली या. लहान मुलांसाठी ११० च्या आसपास. वरच्या कडा एका रेषेत ठेवण्यापेक्षा मध्य एका रेषेत ठेवलेला बरा, विशेषतः फ्रेम लहान-मोठ्या असतील तेव्हा.

३. हूकची उंची काढा. फ्रेमची तार मधोमध बोटाने वर ओढा, जणू हूकवर आहे, आणि तिथपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. समजा ७ सेंमी आलं, फ्रेम ६० सेंमी उंच आणि मध्य १५० वर हवा. हूकची उंची म्हणजे १५० + ३० − ७ = १७३ सेंमी. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी ओढली जाते, म्हणून प्रत्येकीचं माप वेगळं घ्या आणि मागे मास्किंग टेपवर लिहून ठेवा. भिंतीवर खुणा करायला कधीही पेन वापरू नका.

४. ५० सेंमीहून रुंद फ्रेमला एकाऐवजी दोन हूक, मधे फ्रेमच्या रुंदीच्या एक तृतीयांशाइतकं अंतर. एका हूकवरची फ्रेम दार आपटलं की दरवेळी थोडी कलते, दोन हूकवरची कलत नाही. मात्र तार दोन बोटांनी ओढून पुन्हा मोजा. दोन बिंदूंवर ती वेगळ्या उंचीला थांबते, आणि एका बोटाचं माप धरून ठोकलेली फ्रेम शेजारणीपेक्षा वर-खाली होते.

५. मधल्या फ्रेमपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जा. टोकापासून सुरू केलं तर छोट्या छोट्या चुका साठत जातात आणि दुसऱ्या टोकाला शेवटची फ्रेम बसत नाही.

६. लेव्हल लावून बघा, पण शेवटचा निर्णय डोळ्याचा. खोलीची फरशी किंवा छत स्वतःच कललेलं असेल तर लेव्हलवर बरोबर असलेली फ्रेम डोळ्याला वाकडी दिसते. अशा वेळी छताच्या रेषेशी थोडी तडजोड करावी लागते.

काँक्रीट-विटेत ड्रिल करून गिट्टी आणि स्क्रू. विजेच्या बटणांच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच जातात. भोकाला बंदी असेल तर छताजवळची रेल आणि दोऱ्या, किंवा जमिनीवर उभे राहणारे पॅनल, किंवा ईझल. चिकटपट्टीच्या हूकवर विसंबून फ्रेम टांगू नका. चिकटपट्टी भिंतीला नीट धरते, पण भिंतीवरचा रंग भिंतीला धरत नाही. फ्रेम, पट्टी आणि रंगाचा पापुद्रा एकदमच खाली येतात, आणि बहुधा रात्री. पॅनल ठेवताना बाहेर पडायचा मार्ग आणि अग्निशामक साधनं मोकळी राहिलीच पाहिजेत.

दिवे

स्पॉटलाइट फोटोवर उभ्या रेषेपासून ३० अंशात पडला की काचेतलं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यात न येता खाली जातं. हिशोब सोपा आहे. दिवा ३ मीटरवर आणि फोटोचा मध्य दीड मीटरवर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण ८५ ते ९० सेंमी लांब हवा. फार जवळ घेतला तर फ्रेमची सावली फोटोवर पडते, फार लांब घेतला तर प्रेक्षकाची. रंग ३००० ते ४००० केल्विन (प्रकाशाच्या पिवळ्या-पांढऱ्या छटेचं माप), सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) ९० च्या वर, आणि सगळे दिवे एकाच जातीचे. एक पिवळा, एक पांढरा असं झालं की कृष्णधवल मालिकासुद्धा दोन वेगवेगळ्या माणसांची वाटते. संग्रहालयं नाजूक छायाचित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात. महिनाभराच्या प्रदर्शनात पिगमेंट प्रिंटला १५० ते २०० लक्स चालतात. थेट ऊन मात्र एक दिवसही नको.

दिवे बदलता येत नसतील, जसं ग्रंथालयात किंवा दवाखान्यात, तर खिडकीसमोरची भिंत सोडून खिडकीच्या काटकोनातली भिंत घ्या आणि काच काढून टाका.

लेबल

लेबलवर एवढंच: छायाचित्रकाराचं नाव, शीर्षक, फोटो काढल्याचं वर्ष, प्रिंटचा प्रकार, आकार (उंची आधी), आवृत्ती, किंमत. उदाहरणार्थ (नाव आणि किंमत सोडून):

पहिला पाऊस, २०२३
पिगमेंट प्रिंट, सुती कागद
४० × ६० सेंमी
आवृत्ती ३/१०

किमान १६ पॉइंटचा टाइप, फोटोच्या उजवीकडे खाली, सगळ्यांची उंची एकच. कॅमेरा, लेन्स, शटर हे लिहू नका. छायाचित्रकार सोडून ते कोणी वाचत नाही, आणि छायाचित्रकार फोटो सोडून तेवढंच वाचतात. सुरुवातीचा मजकूर १५० शब्दांच्या आत, दाराजवळ, मोठ्या टाइपात. लोक ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत लिहा.

आवृत्ती म्हणजे त्या आकाराच्या एकूण किती प्रिंट निघतील याचं वचन. १० म्हटलं की दहाच. फोटो गाजला म्हणून पुढे १५ करणं म्हणजे आधीच्या दहा जणांची फसवणूक. कुठला क्रमांक, कोणाला, कधी, याची नोंदवही पहिल्या प्रिंटपासून ठेवा. सही पेन्सिलने, पांढऱ्या कडेवर किंवा मागे.

फोटोतली माणसं

सार्वजनिक जागेत प्रदर्शन केलं की फोटोतली माणसं स्वतः, किंवा त्यांचे शेजारी, ते बघतात. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्या, लहान मुलांसाठी पालकांची. कायदा ठिकाणागणिक वेगळा असतो, पण तो परवानगी देत असला तरी आजारी, रडणाऱ्या किंवा अडचणीतल्या माणसाचा मोठा फोटो त्याच्याच वस्तीत लावणं हा वेगळा प्रश्न आहे. लावण्याआधी त्यांना प्रिंट दाखवा, एक छोटी प्रिंट द्या. कोणी नको म्हणालं तर तो फोटो खाली घ्या. त्याची मोकळी जागा भरायला दोन जादा फ्रेम तयार ठेवाव्यात हे म्हणूनच बरं.

पैशांचं आणि कागदपत्रांचं

गॅलरीकडे फोटो ठेवायला देताना यादीची दोन प्रतींत सही घ्या: प्रत्येक फ्रेमचं शीर्षक, आकार, किंमत, आणि देतेवेळची स्थिती, फोटोसकट. त्यात वाटा किती, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, सूट दिली तर कोणाच्या वाट्यातून, वाहतूक आणि फ्रेमचा खर्च कोणाचा, विमा आहे का, न विकलेलं काम कधी परत, हे सगळं हवं. फ्रेमचा खर्च वाटा काढण्याआधी वजा होतो की नंतर, हे स्पष्ट विचारा. किंमत १००, वाटा ५०, आणि प्रिंट-फ्रेमला तुमचे ३० गेलेले असतील तर हातात २० येतात. ३० आधी वजा झाले तर उरलेल्या ७० चे ३५-३५ होतात. एकाच फोटोची किंमत सगळीकडे एकच ठेवा. गॅलरीत महाग आणि ओळखीच्यांना घरून स्वस्त असं केलं की ती गॅलरी पुन्हा दार उघडत नाही.

सार्वजनिक जागेत विक्रीला बंदी असू शकते. मग लेबलवर किंमत न लिहिता संपर्काचा क्यूआर कोड लावा. उद्घाटनाशिवाय एखाद्या दिवशी तासभर फोटोंमधून फिरत बोलायचा कार्यक्रम ठेवा, आणि टेबलावर हाताळता येतील अशा छोट्या प्रिंटची पेटी. भिंतीवरच्या फोटोला हात लावता येत नाही, म्हणून लोक पेटीपाशी जास्त वेळ थांबतात. ऑनलाइन द्यायच्या फाइल १५००-२००० पिक्सेलच्या आणि मेटाडेटात (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) नाव-संपर्क भरलेल्या असू द्या. फोटोच्या मधोमध वॉटरमार्क टाकला तर चोरी थोडी कमी होते, बघणारे मात्र बरेच कमी होतात.

उतरवताना

उतरवण्याआधी, दिवे चालू असताना, ट्रायपॉडवरून सगळ्या भिंतींचे फोटो काढा. पुढच्या गॅलरीला हेच दाखवावे लागतात, आणि भिंती रिकाम्या झाल्यावर ते मिळत नाहीत.

फ्रेमच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक लावा, काचेवर मास्किंग टेपची फुली मारा म्हणजे फुटली तर तुकडे प्रिंटवर घसरत नाहीत. ॲक्रिलिकवर मात्र टेप नको, त्याला नुसता मऊ कागद. दोन फ्रेम एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून, मधे पुठ्ठा. हूक आणि डी-रिंग दुसऱ्या फ्रेमच्या काचेला लागता कामा नयेत. बबल रॅप सगळ्यात बाहेर. गाडीत फ्रेम नेहमी उभ्या, पुस्तकांसारख्या. आडव्या रचलेल्या काचा खड्ड्यात गाडी आदळली की स्वतःच्याच वजनाने मधे तडकतात.

शेवटी भिंत. स्क्रू काढा, गिट्टी पकडीने ओढून घ्या, भोकात पुट्टी भरा, सुकल्यावर घासा आणि त्याच रंगाचा हात मारा. रंगाचा डबा आधीच मागून ठेवला असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. जागा ज्यांनी दिली त्यांना सगळं झाल्यावर ती भिंत दाखवूनच किल्ली परत करा.